क्षमा आणि हिशेब : मराठी ख्रिस्ती वाङ्मयांतील एक विचार

जालना जिल्हा 1981 सालीं अस्तित्वांत आला. परंतु त्यांत समाविष्ट झालेली भूमि पुरातन आहे, आणि मराठी धर्मविचाराच्या इतिहासांत तिला मानाचें स्थान आहे. या जिल्ह्यांतील दोन ठिकाणांकडे आम्ही आज वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. पहिलें घनसावंगी तालुक्यांतील जांब. समर्थ रामदासांचा जन्म 1608 सालीं येथें झाला; आणि वयाच्या बाराव्या वर्षीं, लग्नाच्या मांडवांत ‘सावधान’ हा शब्द कानीं पडतांच ते बोहल्यावरून निघून गेले, असें परंपरा सांगते. दुसरें ठिकाण जालना शहरानजीकचें बेथेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, ब्राह्मण कुळांत जन्मलेले ख्रिस्ती धर्मोपदेशक रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं निजामसरकाराकडून मिळालेल्या जमिनीवर ही ख्रिस्ती वसाहत वसविली. तेथें येऊन राहिलेलीं कुटुंबें बहुतांशीं त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या जातींतील होतीं.

एक ठिकाण रामभक्तीचें, दुसरें ख्रिस्तभक्तीचें; परंतु दोहोंच्या मागें कथा एकच आहे. एका मुलानें देवासाठीं घर सोडलें. असें घर सोडणाऱ्यांचीं चरित्रें आम्हां मराठी वाचकांस फार प्रिय आहेत, आणि तीं तशीं असावींत हें योग्यच आहे. पण घर सोडणारा निघून गेल्यावर त्या घरांत काय झालें? अंगास हळद लागलेली जी मुलगी अंतरपाटाच्या पलीकडे उभी होती, तिचें नांव आज लोकांच्या तोंडीं नाहीं. समर्थांच्या मातोश्री राणूबाई पुत्रवियोगानें रडून रडून आंधळ्या झाल्या, आणि अनेक वर्षांनीं परत आलेल्या पुत्राच्या हस्तस्पर्शानें त्यांस पुन्हां दिसूं लागलें, अशी कथा सांगतात. ती जशीच्या तशी घडली कीं काय, या चिकित्सेंत आम्ही पडत नाहीं. ती सांगावीशी वाटली, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. आईच्या डोळ्यांचें ऋण फेडल्यावांचून समर्थांचें चरित्र पुरें होत नाहीं, असें सांगणाऱ्याच्या मनानें घेतलें असलें पाहिजे.

त्याग, दुःख आणि क्षमा हे तीन शब्द ख्रिस्ती धर्मविचाराचा गाभा होत. मराठींत लिहिणाऱ्या ख्रिस्ती ग्रंथकारांनीं त्यांचा विचार कसा केला, आणि कोणाच्या लेखनांत तो उपदेशाच्या पलीकडे जाऊन वाङ्मयाच्या पदवीस पोंचला, हें पाहण्याचा आमचा हेतु आहे. आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. त्यागाविषयीं मराठी ख्रिस्ती लेखकांनीं पुष्कळ लिहिलें. परंतु आमच्या मतें क्षमेचा खरा ग्रंथ त्यांच्यांत एकच झाला, आणि तो त्याग करणाऱ्या पुरुषानें लिहिलेला नसून, त्या त्यागाची किंमत जिला द्यावी लागली त्या स्त्रीनें लिहिलेला आहे. तो ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’.

प्रथम ‘क्षमा’ या शब्दाकडेच पाहूं. संस्कृतांत क्षमा म्हणजे सहनशीलता, आणि क्षमा म्हणजे पृथ्वीहि. नांगरा, खणा, तुडवा. पृथ्वी तक्रार करीत नाहीं. आमच्या संतचरित्रांतील क्षमा बहुधा या जातीची आहे. पैठण जालन्याहून फार दूर नाहीं. तेथें गोदावरीचें स्नान करून परतणाऱ्या एकनाथांवर एक यवन पुन्हां पुन्हां थुंकला, आणि नाथ प्रत्येक वेळीं शांतपणें पुन्हां स्नानास गेले, ही कथा लहानपणीं कोणीं ऐकली नाहीं? या कथेंतील मर्म असें कीं, नाथांस क्षमा करण्याचा प्रसंगच येत नाहीं. कारण अपमान त्यांच्या मनापर्यंत पोंचत नाहीं. उलट इतक्या वेळां गंगास्नान घडल्याचा त्यांस आनंद होतो. हिशेब लिहिला जाण्यापूर्वींच पुसला गेला आहे. ही अवस्था थोर खरी. पण ती सिद्धांची आहे. ज्याच्या मनाला बोल लागतो, ज्याला रात्रीं झोंप येत नाहीं, अशा तुमच्या-आमच्यासारख्या माणसानें काय करावें, याचें उत्तर या कथेंत मिळत नाहीं.

शुभवर्तमानांतील क्षमा निराळ्या जातीची आहे. येशूनें शिष्यांस जी प्रार्थना शिकविली तिच्यांत, मत्तयाच्या पाठाप्रमाणें, अपराधास ऋण म्हटलें आहे. ऋण सोडतां येतें. पण तें किती आहे हें सोडणारास ठाऊक असावें लागतें, आणि ज्याचें सुटावयाचें त्यासहि ठाऊक असावें लागतें. निर्दय चाकराचा जो दृष्टान्त त्याच शुभवर्तमानांत आहे, त्यांत राजा आधीं हिशेब मांडावयास बसतो आणि मगच ऋण सोडतो. हिशेब हा क्षमेचा शत्रु नाहीं. तो तिची पहिली पायरी आहे. क्रूसावरील प्रसंगहि असाच. तेथें खिळे खरे आहेत, तहान खरी आहे, देवानें आपणांस टाकलें कीं काय ही आर्त हांकहि खरी आहे. दुःख पोंचलेंच नाहीं, असें तेथें कोणी म्हणत नाहीं. तें पुरतें पोंचलें असतां, पोंचविणाऱ्यांसाठीं क्षमा मागितली जाते. यांतच त्या क्षमेचें मोल आहे.

मारणाऱ्यांसाठीं केलेली ही प्रार्थना चार शुभवर्तमानकारांपैकीं एकट्या लूकानें दिली आहे. दुसरा एक प्रसंग एकट्या योहानानें दिला आहे. क्रूसाजवळ उभी असलेली आई येशूस दिसते, आणि तो तिला आपल्या प्रिय शिष्याच्या हवालीं करतो. पहिल्या प्रसंगानें आपण जितके भारावतों, तितके दुसऱ्यानें भारावत नाहीं. तो एक घरगुती व्यवहार वाटतो. आमच्या मतें तो तितकाच थोर आहे. आपल्या देहाचें बलिदान करणारास, त्या बलिदानाची किंमत आणखी कोणाला द्यावी लागत आहे याची जाणीव आहे, आणि अखेरच्या घटकेसहि त्याची दृष्टि तिकडे वळते. ज्या त्यागांत ही दृष्टि नाहीं, तो कितीहि मोठा असला तरी त्यांत कांहीं उणें राहिलें असें म्हणावें लागेल. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तांतहि घरीं राबलेला थोरला भाऊ रुसून बाहेर उभा राहतो. बाप त्याच्याकडे आपण होऊन येतो, त्याची तक्रार ऐकतो, त्याला समजावितो. पुढें तो आंत गेला कीं नाहीं, हें लूक सांगत नाहीं. धाकट्याच्या घरवापसीचा आनंद सर्वांस आठवतो. थोरल्याचें गाऱ्हाणें कोणी आठवीत नाहीं.

हीच दृष्टि घेऊन आतां मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे वळूं. त्याची परंपरा जुनी आहे. इंग्लंडाहून गोमंतकांत आलेले जेझुइट पाद्री फादर स्टीफन्स यांचें ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 सालीं छापून निघालें. परक्या देशांत जन्मलेल्या माणसानें आमच्या भाषेवर केलेलें तें प्रेम अपूर्व आहे. परंतु तें पुराण आहे. त्याची दृष्टि विश्वाच्या उत्पत्तीपासून तारणापर्यंत जाणारी आहे. नवा धर्म घेतलेल्या एखाद्या घराची चूल त्यांत शोधणें योग्य होणार नाहीं. त्यानंतर फार काळानें बाबा पदमनजी आले. त्यांचें ‘यमुनापर्यटन’ 1857 सालीं प्रसिद्ध झालें, आणि विधवांच्या दुःखास त्यानें मराठी गद्यांत वाचा फोडली. ‘अरुणोदय’ हें त्यांचें आत्मचरित्र आपल्या धर्मांतराची हकीकत सांगतें. पण पदमनजींचा काळ वादाचा होता. त्या काळचा धर्मांतरित लेखक न्यायाधीशासमोर उभा असल्याप्रमाणें आपली बाजू मांडतो, आणि जुनें घर बहुधा प्रतिपक्ष होऊन बसतें. अशा लेखनांत आईबापांचे अश्रु येतात ते परीक्षेच्या रूपानें. त्यांनीं विरघळून न जाणें हाच नायकाचा जय ठरतो. त्या अश्रूंची स्वतःची अशी कांहीं कथा असूं शकेल, हें लेखकाच्या ध्यानांतहि येत नाहीं. हा दोष आम्ही एकट्या ख्रिस्ती लेखकांवर लादीत नाहीं. आमच्या संन्याशांचीं आणि देशभक्तांचीं चरित्रेंहि याच रीतीनें लिहिलेलीं आहेत.

बेथेलच्या संस्थापकांचेंच उदाहरण पाहूं. नारायण शेषाद्रि यांनीं 1843 सालीं मुंबईंत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि मिशनऱ्यांच्या आश्रयास जाऊन राहिला. त्याचें वय तेव्हां बारा वर्षांच्या सुमाराचें होतें. बापानें न्यायालयांत धांव घेतली, आणि न्यायालयानें मुलास अज्ञान ठरवून बापाच्या स्वाधीन केलें. परंतु मुलगा हातीं आला म्हणून घरीं आला असें झालें नाहीं. ख्रिस्ती लोकांत राहिलेल्या व त्यांच्याबरोबर जेवलेल्या मुलास जातींत परत घ्यावें कीं नाहीं, यावर मुंबईच्या हिंदुसमाजांत मोठें रण माजलें. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं प्रायश्चित्त देऊन मुलास पदरांत घ्यावें हा पक्ष उचलला, आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष ओढवून घेतला.

या प्रकरणांत थोरल्या भावानें श्रद्धेसाठीं घर सोडलें. त्याची नोंद मिशनच्या इतिहासांत आहे. जांभेकरांनीं लोकनिंदा सोसली. तिची नोंद आमच्या समाजसुधारणेच्या इतिहासांत आहे. पण ज्या बापाचे दोन्ही मुलगे एका वर्षांत दुरावले त्यानें काय सोसलें, आणि जो मुलगा एका घरांतून ओढून काढला गेला व दुसऱ्या घराच्या उंबरठ्यावर अडविला गेला त्याच्या मनांत काय आलें, हें त्यांच्या स्वतःच्या शब्दांत सांगणारें कांहीं आमच्या वाचनांत नाहीं. प्रायश्चित्त हाहि एक हिशेबच होय. परंतु येथें तो सर्वांत कमी दोषी असलेल्या मुलाच्या नांवें मांडला गेला. आणि क्षमेचा उपदेश दोन्ही पक्षांच्या धर्मग्रंथांत विपुल असतां, या मुलाची क्षमा मागावी असें दोन्ही पक्षांपैकीं कोणास सुचलें असेल काय?

पन्नासएक वर्षांनंतर अशीच कथा पुन्हां घडली, आणि या वेळीं मात्र मराठी भाषेचें भाग्य उघडलें. नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 चा. 1893 सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशानें त्यांस ‘नवा करार’ दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन जिंकलें. आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळीं सव्वीस वर्षांच्या होत्या. पदरीं लहान मुलगा होता. पुढील चार-पांच वर्षें नवरा जिवंत असून त्या नवऱ्यावांचून राहिल्या. त्यांतील बराच काळ पंढरपुरास नातलगांच्या आश्रयानें गेला.

टिळकांच्या कवित्वाविषयीं आमच्या मनांत नितांत आदर आहे. ख्रिस्ती भक्तीस त्यांनीं अभंगाचें रूप दिलें; तुकारामाच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें ते मानीत. त्यांच्या भक्तिपर रचनेंत त्याग हें ओझें नाहीं, उत्सव आहे. पण तीच रचना पुन्हां पुन्हां वाचतांना आम्हांस एक गोष्ट जाणवत गेली. तिच्यांत माणसें दोनच आहेत : भक्त आणि त्याचा ख्रिस्त. तिसऱ्या माणसास तेथें जागा नाहीं. हें टिळकांच्या हृदयाचें काठिण्य म्हणावें, तर तसें मुळींच नाहीं. ‘केवढें हें क्रौर्य!’ ही त्यांची कविता शाळेंत शिकलेल्या कोणासहि आठवत असेल. घायाळ होऊन पिलांपाशीं परतणाऱ्या पक्षिणीच्या काळजांत शिरणारा हा कवि. ज्यास पांखराच्या आईचें दुःख कळलें, त्यास घरच्या माणसाचें कळलें नसेल असें म्हणवत नाहीं. परंतु आत्मनिवेदनपर भक्तिकाव्याचा घाटच असा आहे कीं, त्यांत भक्त आपलें सर्वस्व देवास वाहतो तेव्हां त्या सर्वस्वांत दुसऱ्याचा वांटा किती होता, हें पाहिलें जात नाहीं. पुढें 1917 सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ति पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. हाहि एक त्यागच. गृहस्थानें वेतन सोडलें म्हणजे गृहिणीचें काय सुटतें, हें मात्र संन्यासाच्या काव्यांत येत नाहीं. 1919 च्या मे महिन्यांत टिळक मुंबईस निवर्तले.

हें सर्व आलें तें ‘स्मृतिचित्रां’त. वडिलांचें चरित्र लिहावें म्हणून मुलानें आईकडे आठवणी मागितल्या, आणि त्यांतून हें पुस्तक उभें राहिलें. 1934 ते 1936 या काळांत त्याचे भाग प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई 1936 च्या फेब्रुवारींत वारल्या. शाळेचें तोंड न पाहिलेल्या बाईंनीं हें गद्य लिहिलें, याचें कौतुक आजवर पुष्कळ झालें आहे, आणि त्यांच्या विनोदाचेंहि झालें आहे. त्यांत भर घालण्याची आमची इच्छा नाहीं. आम्हांस या पुस्तकाची नीति पाहावयाची आहे.

लक्ष्मीबाई हिशेब मांडतात. टिळकांचा तापट स्वभाव, न सांगतां निघून जाण्याची खोड, हातीं आलेला पैसा घरीं न टिकणें, यांतील कांहींहि त्या झांकून ठेवीत नाहींत. पति निवर्तून पंधरा वर्षें झालीं आहेत, लोक त्यांस संत मानूं लागले आहेत, आणि चरित्राची सामग्री म्हणून आठवणी मागितल्या जात आहेत. अशा वेळीं एखादी स्त्री पूजेचें ताट घेऊन बसली असती तर तिला कोणीं दोष दिला नसता. लक्ष्मीबाईंनीं जमाखर्चाची वही उघडली. पण या वहींत खर्चाची बाजू जितकी स्पष्ट आहे तितकीच जमेचीहि. टिळकांचें औदार्य, त्यांचें निर्मळ मन, अनाथांविषयींचा कळवळा हींहि त्याच हातानें लिहिलीं आहेत. आणि स्वतःच्या नांवाचें पानहि त्यांनीं कोरें ठेविलें नाहीं. आपला हट्ट, आपलें सोंवळें, आपल्या भोळ्या समजुती यांवर त्या सर्वांत आधीं हंसतात. परक्याचा अपराध सांगतांना माणूस फिर्यादी होतो, स्वतःचा सांगतांना बहुधा कीर्तनकार होतो. लक्ष्मीबाई दोन्हीहि होत नाहींत.

ताटातुटीच्या वर्षांची हकीकत या दृष्टीनें फार बारकाईनें वाचण्यासारखी आहे. ती लिहितांना लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या आहेत. तीन तपांहून अधिक काळ लोटला आहे. धर्मांतराच्या नेहमींच्या हकीकतींत असें दिसतें कीं, नंतरचा श्रद्धावंत मागच्या अज्ञानी स्वतःकडे कीव करून पाहतो, आणि तेव्हांचें दुःख ही देवाची योजना होती असें सांगून त्याची बोळवण करतो. लक्ष्मीबाई असें करीत नाहींत. पंढरपुरास बसून ज्या स्त्रीनें आकांत केला, तिचा आकांत त्या तसाच राहूं देतात. तिला नवरा बाटला असेंच वाटत होतें, आणि पुस्तकांतहि त्या घटकेपुरतें तसेंच वाटतें. ख्रिस्ती लक्ष्मीबाईंनीं ब्राह्मण लक्ष्मीबाईंच्या तोंडावर हात ठेविला नाहीं. त्यांच्या क्षमेवर आमचा विश्वास बसतो तो यामुळें. ज्या दुःखाचें अस्तित्वच नाकारलें, त्याबद्दल क्षमा कशी करणार?

लक्ष्मीबाई पतीकडे परत गेल्या त्याहि आपल्या पायांनीं. अहमदनगरास आल्यावर आरंभीं त्या स्वतःचें सोंवळें सांभाळून वेगळ्या राहिल्या. पुढें जातिभेद देवानें केलेला नसून माणसानें केलेला आहे, असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि सोंवळें गळून पडलें. 1900 सालीं राहुरीस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा धर्म तो बायकोचा, या न्यायानें हें झालें नाहीं. मध्यंतरीं गेलेलीं वर्षें पदरीं बांधून, त्यांचा विसर पडूं न देतां, त्या आपल्या बुद्धीनें या मुक्कामास पोंचल्या.

येथें एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो हलका नाहीं. कोणी म्हणेल, त्या काळच्या परावलंबी स्त्रीस क्षमा केल्यावांचून दुसरा मार्ग कोणता होता? निरुपाय झालेल्या माणसाच्या सहनशीलतेस क्षमा म्हणणें ही त्याची थट्टा नव्हे काय? हा आक्षेप 1895 च्या लक्ष्मीबाईंविषयीं असेल, तर तो आम्ही मान्य करूं. त्या वेळीं त्यांनीं जें केलें तें सोसणें होतें. पृथ्वीनें नांगर सोसावा तसें. परंतु पुस्तक लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई निरुपाय नव्हत्या. त्यांस मौन मोकळें होतें, स्तुति मोकळी होती, तक्रारहि मोकळी होती. त्यांनीं चौथी वाट धरली : सर्व सांगितलें, आणि सांगून झाल्यावर येणें कांहीं शिल्लक ठेविलें नाहीं. त्यांचा विनोद म्हणजे दुःखावर घातलेलें पांघरूण होय, असेंहि म्हणणारे म्हणतील. पांघरुणाखालचें दिसत नसतें. येथें तर सर्व दिसतें. तो विनोद हीच ऋण फिटल्याची पावती आहे असें आम्हांस वाटतें. ज्याचें येणें बाकी आहे, त्यास असें मोकळें हंसतां येत नाहीं.

‘ख्रिस्तायना’ची कथाहि येथें सांगितली पाहिजे. ख्रिस्तचरित्रावरील हें ओवीबद्ध महाकाव्य टिळकांनीं आरंभिलें, आणि आरंभींचे दहा-अकरा अध्याय होतांच ते निवर्तले. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनीं लिहिले, आणि हें काव्य त्यांच्या पश्चात् 1938 सालीं प्रसिद्ध झालें. काव्यगुणांच्या दृष्टीनें या दोन भागांची तुलना अनेकांनीं केली आहे. आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, क्रूसाकडे जाणारी वाट टिळकांच्या लेखणीस चालावयास मिळाली नाहीं. ती लक्ष्मीबाईंच्या वांट्यास आली. त्यागाचें महाकाव्य पुरें करण्याचें काम, त्यागी पुरुषामागें जी राहिली तिच्याकडे आलें. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ ‘स्मृतिचित्रां’च्या पंक्तीस बसणार नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों, पुराणाच्या घाटांत लक्ष्मीबाईंचा स्वतःचा आवाज दबतो. परंतु क्रूसाजवळ उभ्या असलेल्या आईस काय दिसलें असेल, हें जाणण्याचा अधिकार या लेखिकेस इतरांहून अधिक होता, यांत संशय नाहीं.

आतां पुन्हां बेथेलकडे वळतों. कारण या विवेचनांतील एक उणीव आम्हांस तेथेंच दिसते. पदमनजी, टिळक, पंडिता रमाबाई, लक्ष्मीबाई हीं सर्व नांवें स्पृश्य मानलेल्या जातींतील घरांचीं आहेत. बेथेलसारख्या वसाहतींत जीं कुटुंबें आलीं, त्यांनीं सोडलेलें घर मुळांत गांवाबाहेरचें होतें. त्यांचें दुःख एका माणसाच्या त्यागानें उत्पन्न झालेलें नव्हतें. तें पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावर लादलेलें होतें. देवळांत बसून त्यांनींहि त्याग, दुःख आणि क्षमा हे शब्द ऐकले. आपल्या अपराध्यांस क्षमा करा, हें वचन त्यांच्या कानांस कसें लागलें असेल? ज्यांनीं त्यांस पाण्यापासून दूर ठेविलें, त्यांनीं तर कधीं हिशेब मांडला नव्हता, आणि मागितलाहि नव्हता. मराठींत हा हिशेब पुढें दलित लेखकांच्या आत्मचरित्रांनीं मांडला. तो ऐकतांना पांढरपेशा वाचक अस्वस्थ झाला, आणि इतका कडवटपणा कशासाठीं असें विचारूं लागला. त्या वाचकांत आम्हीहि होतों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. वही उघडली जात असतां आम्ही क्षमेची घाई करीत होतों.

म्हणून या लेखाचें तात्पर्य आमच्यासारख्या घरांनीं आपल्याच पदरीं घ्यावें. क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार ज्याला दुःख झालें त्याचा आहे; ज्यानें तें दिलें त्याचा नाहीं, आणि दूर उभें राहून पाहणाऱ्याचाहि नाहीं. घरांतल्या सुनेस, मुलीस, गड्यास, ‘झालें गेलें विसरून जा’ असें आपण किती सहज सांगतों! त्यांचें म्हणणें एकदां शेवटपर्यंत ऐकून घेतलें, तर कदाचित् सांगण्याची गरजच उरणार नाहीं. विसरणें म्हणजे क्षमा नव्हे. लक्ष्मीबाई कांहींहि विसरल्या नव्हत्या.

लग्नाच्या मांडवांतील ती मुलगी आणि मुंबईच्या न्यायालयांतील तो बारा वर्षांचा श्रीपत, यांचीं पुस्तकें मराठीस मिळालीं नाहींत, आणि आतां मिळणारहि नाहींत. म्हणून जें एक मिळालें आहे तें अधिक जपून वाचावयास हवें. ‘स्मृतिचित्रें’ घरोघर आहे, पण बहुधा गमतीचे प्रसंग तेवढे वाचून दाखविले जातात. येत्या शुभ शुक्रवारच्या सुमारास, ख्रिस्ती घरांत तसेंच इतर घरांतहि, त्यांतील पंढरपूरच्या दिवसांचीं पानें कोणी मोठ्यानें वाचावींत, आणि घरच्या बायकांनीं त्यावर काय म्हटलें तें पुरुषांनीं मधें न बोलतां ऐकावें, एवढीच आमची विनंति आहे.